जत

सुलैबियात लसूणघासाला जत म्हणतात.
पहिल्याच दिवशी मुकादम ओरडला, "जत उतरवा, जत!"
आणि मी ट्रकमागे धावलो,
जणू अख्खा तालुका कुणी गाठी बांधून पाठवलाय.
गाठी हिरव्यागार होत्या.
आमचं जत एवढं हिरवं मी कधी पाहिलं नव्हतं.

आता आंबोण मीच कालवतो.
मका, सरकी, बोटीतून आलेली सोयापेंड,
वरून तोलून पांढरे मणी:
मेथिओनिन, चरबीचा अंगरखा घातलेलं.
म्हशीच्या पहिल्या पोटात कोटी तोंडं असतात,
उघडं काही गेलं की तिथंच फडशा.
डॉक्टर तहसीन पोत्यावर खडूनं काढून दाखवतात:
दुधाचं प्रथिन म्हणजे लिहिलेली ओळ.
वीस अक्षरांतलं एक संपलं
की बाकीची एकोणीस नुसती बसून राहतात,
मग मुतावाटे वाहून जातात.

घरी फोन करताना मीही अंगरखा घालतो.
एकोणपन्नास अंश म्हणत नाही, म्हणतो ऊन आहे जरा.
खोलीत नऊ जण, म्हणतो सोबत आहे.
समुद्र ओलांडेपर्यंत फुटू नये एवढंच बघतो.
पलीकडे आईच्या अंगी काय लागतं,
कोण जाणे.

चारशे सतरा दूध चोरते.
कागदावर सगळं बरोबर. लायसिन पुरतं, मेथिओनिन पुरतं,
पंखे, फवारे, पाणी गार.
यंत्र लावलं की चार लिटर, आणि सड कोरडे.
तहसीन म्हणाले, हिस्टिडिन बघू. रक्त काढून पाठवलं.

आप्पा पेंड मुठीनं मोजायचे.
एकदा रेडकू गेलं तेव्हा
त्याच्या कातड्यात कडबा भरून
त्यांनी ते म्हशीपुढं उभं केलं होतं.
ती चाटत राहिली. कडबा चाटत राहिली.
चरवी भरली, आणि आप्पा
त्या दिवशी दूध न घेताच झोपले.

मी रात्रपाळीला वासरांच्या शेडात गेलो.
चारशे सतराचं रेडकू शोधलं,
त्याचं अंग गोणपाटानं पुसलं, मान, पाठ, ओलं नाक,
आणि गोणपाट तिच्या तोंडाशी धरलं.
कान हलले.
मग कास.
सात लिटर.

मी कुणाला सांगितलं नाही.
चार दिवसांनी अहवाल आला: हिस्टिडिन कमी.
खरंच कमी होतं. घातलं, तर नऊवर गेली.
तहसीननी माझी पाठ थोपटली.
गोणपाट माझ्या खुंटीला आहे,
अजून धुतलेलं नाही.

शुक्रवारी आईला म्हटलं,
"आज जत आलं, दोन ट्रक भरून."
खरं तेवढंच सुचलं होतं.
ती थोडा वेळ गप्प राहिली.
मग हळूच म्हणाली,
"कोण कोण आलंय?"