फळजी

आमच्या सातबाऱ्यात एका तुकड्याला फळजी म्हणतात.
अडीच गुंठे. बांधावर एक किंजळ,
कडेने दगडी पाट, माझ्या जन्माआधीच सुकलेला.
दोन चुलत्यांनी त्यापायी खेडच्या कोर्टात
अकरा वर्षं चपला झिजवल्या.
नावाचा अर्थ मात्र कुणी विचारला नाही.

मी रुवीत राहते. रक्त तपासते.
दिवसभर परक्यांच्या रक्तात काय आहे ते लिहून देते,
आणि माझ्या रक्तातल्या या माणसाचं
माझ्याकडे एवढंच:
धाकू रावजी चोरगे, शिपाई.
पितळी बटण एक.
मनिऑर्डरची पावती एक, रुपये सात,
गावाचं नाव चुकलेलं, तरी पोचलेली.
आणि एक कार्ड, पलटणीतल्या कुणा कारकुनाच्या अक्षरात:
मस्कतास लढाई झाली. आपली नव्हती. बरा आहे.

आपली नव्हती.
या दोन शब्दांमागे मी चार वर्षं पत्रं लिहीत बसले.
लंडनहून हजेरीपटाचं एक पान आलं, वाळवीने नक्षी काढलेलं,
पलटणीचा आकडा नेमका घडीवर.
त्यात धाकू तीन.
एक तापाने गेला, म्हणजे तो नव्हे.
एक हजर.
एक फरार.
आई म्हणाली, हजर तोच आपला.
मी काही बोलले नाही. मला दुसराच आवडला होता.

लढाई कसली, तर डोंगरातला इमाम आणि किनाऱ्यावरचा सुलतान.
एकच भाषा, एकच खजूर, एकाच दिशेला टेकणारी कपाळं.
शब्दकोशात याला यादवी म्हणतात.
आमच्याकडे, भाऊबंदकी.
आणि मध्ये खंदकात, इंग्रजाच्या पगारावर,
माझा पणजोबा,
जो घरची भाऊबंदकी नको म्हणून
रात्रीतून उठून पलटणीत गेला होता.

शनिवारी किल्ल्यावर गेले. पांढराशुभ्र, आता संग्रहालय,
समोर बँका, मागे उघडे काळे डोंगर.
दारावरच्या सालिम बिन खल्फानने बटण हातात घेतलं,
अंगठ्याने पुसलं, परत दिलं.
त्याचाही पणजोबा त्या रात्री इथेच,
फक्त त्या बाजूला,
समाइलहून तोड्याची बंदूक घेऊन उतरलेला.
जरा वेळ आम्ही दोघं नुसते डोंगराकडे बघत राहिलो.
मग त्याने विचारलं, तुझ्याचा नेम कसा होता?
म्हटलं, ठाऊक नाही.
माझ्याचा फार वाईट, तो म्हणाला, आजी सांगायची.
अल्लाची कृपा. नाहीतर आज
या दाराशी कोण कुणाला तिकीट देतं?

कॉफी झाली. मी सहज विचारलं,
या किल्ल्याच्या नावात बैत म्हणजे घर, ते कळतं,
पण फलज?
त्याने बोटाने जमिनीवर एक रेघ ओढली,
डोंगराच्या बाजूकडून माझ्या पायापर्यंत.
पाणी, म्हणाला. चालत येतं.
दगड लावून आणायचं. सगळ्यांचं.
ज्याची पाळी त्याने वळवायचं.

मी तिथेच पायरीवर बसले.
कुठल्या कागदात नव्हतास तू, धाकू.
हजर असशील, फरार असशील,
परत येऊन तू कुदळ घेतलीस
आणि दगड लावत लावत पाणी आणलंस,
आणि गावाने विचारलं असेल, हे काय रे,
तेव्हा तुला मराठी शब्द आठवला नसेल
किंवा नको असेल.

रात्री काकांना फोन लावला.
काका, फळजी म्हणजे पाट. अरबी आहे. पणजोबांनी खणलेला.
पलीकडे बराच वेळ पंख्याचा आवाज.
मग काका म्हणाले,
म्हणजे पाणी आपल्याच बाजूचं.
हे तिकडून कागदावर
शिक्क्यानिशी मिळेल का?