पत्र्याची पावती

आम्ही पोचलो तेव्हा गल्ली धुऊन झाली होती.
कोणी धुतली, ते कोणालाच माहीत नाही.
बादली मात्र उंबऱ्याशी पालथी, अजून ओली.
स्पॅनिश टाउनमधली ही टॅमरिंड लेन
चौदा आवाज ऐकल्याचं सांगते,
पोलिसांच्या टिपणात पाच.
मला पुंगळ्या मिळाल्या दोन:
एक गटारात,
एक नीरफणसाखाली, कोंबड्यांनी उकरलेल्या मातीत.

पिवळे आकडे मांडले. एक. दोन.
तिसरा कुंपणाशी.
गंजका पत्रा, निळ्या रंगाचे पोपडे,
छातीच्या उंचीला भोक.
'कीमारने अंगणातून गोळी झाडली,' असं लिहून दिलंय
तिघांनी, एकाच अक्षरात.
मी हातमोज्यातलं बोट कडेवरून फिरवलं.
भोकाचा ओठ आत वळलेला, अंगणाकडे.
पत्र्याला कोणाची बाजू घेता येत नाही,
जिकडे ढकलला तिकडे वाकतो, एवढंच.

"नेताय खरं," मिस आयसिल्डा म्हणाली,
"पण माझ्या कोंबड्या कोण राखणार?"
आणि पावती मागितली.
मी लिहिली:
पत्रा, नग एक. लांबी साडेसहा फूट.
भोकं अकरा, पैकी दहा खिळ्यांची.
तिनं चष्मा शोधून सावकाश वाचली.
"अकरावं?"
"त्याचा तपास चालू आहे."
"बरं," म्हणाली, आणि पावतीची घडी घातली.

शर्ट तीन दिवस दोरीवर वाळवला, मग कागदी पिशवीत.
प्लास्टिकमध्ये रक्त कुजतं, हे नव्या पोराला
दरवेळी सांगावं लागतं.
रायफली त्याच रात्री सील व्हायच्या होत्या,
त्या आल्या नवव्या दिवशी,
तेल लावून, लग्नाला निघाल्यासारख्या.

सहा वर्षं झाली.
पत्रा कोणत्याच पिशवीत मावत नाही,
कपाटामागे उभा आहे, गळ्यात चिठ्ठी.
समुद्राची हवा खिडक्या बंद केल्या तरी येते.
भोकाची कड झडू लागलीय,
उद्या वकील विचारेल, ओठ कुठाय?
मी दर महिन्याला फोटो काढते, शेजारी मोजपट्टी,
खाली सही, तारीख, वेळ.

मिस आयसिल्डाने त्या जागी पलंगाची फळी ठोकलीय.
कधीतरी फोन करते.
खटल्याचं विचारायचं तिनं सोडून दिलं.
म्हणते,
"माझा पत्रा कोरडा आहे ना?"