सही जुळत नाही

बँकेनं चेक परत पाठवला.
निळा शिक्का, कारण एका ओळीत: सही जुळत नाही.
बावीसशे चाळीस रुपये,
साखर तपासायच्या पट्ट्यांचे.

औरादच्या या दवाखान्यातलं पहिलं कपाट
ज्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलं,
भूकंपाच्या साली छावणीत उरलेली बँडेजं
पोत्यात भरून एसटीच्या टपावरून आणली,
त्या मन्मथअप्पांची सही.

खाली माझी. ती जुळली.

खजिनदार खय्यूमभाई टायरच्या दुकानातून तसेच आले,
नखांत काळं, चेक कोपऱ्याला धरून.
बाई, हे मीटिंगीत घ्यायचं, का घरी जाऊन?

मी सचिव, बिनपगारी.
पंचायत समितीत सतरा वर्षं
भांडणाऱ्यांची इतिवृत्तं लिहिली.
तिथं हात कधी अडला नव्हता.
चेक मी ठरावबुकात घातला, मागच्या पानांत.

दुसरा रविवार. सातजणांतले एक पुण्याला लेकीकडं,
एक सोयाबीनच्या राशीला.
डॉक्टर निटुरे आले तेव्हा चहा संपला होता,
पण गणपूर्ती झाली.
त्रिवेणी दाराजवळच्या खुर्चीत, पूर्वीची आशाताई.
तिची जागा अप्पांनीच भांडून मिळवली होती:
जी दारोदार फिरली तिला खुर्ची न्हाई,
मग ह्या खुर्च्या काय पुजायच्या हायत?

विषय एक, इन्सुलिनसाठी फ्रिज.
अप्पा म्हणाले, घ्या. सगळे म्हणाले, घ्या.
विषय दोन, खोलीचं भाडं.
तिसऱ्याच्या आधी अप्पांनी चष्मा पुसला,
म्हणाले, एक राहिलंच की,
इन्सुलिनला फ्रिज पायजे.

पंखा फिरत होता.
त्रिवेणी म्हणाली, अनुमोदन.
मी लिहिलं, दुसऱ्यांदा, पूर्ण वाक्यात.
(पुढं लेखापरीक्षकानं त्याला लाल गोल केला.
दोन फ्रिज? मी म्हटलं, एकच.
मग ठराव दोन कसे? मी म्हटलं, सर्वानुमते.)

शेवटी सहीसाठी बुक अप्पांपुढं गेलं
आणि चेक घसरून त्यांच्या मांडीवर पडला.

चाळीस वर्षं सरकारी दवाखान्यात कंपाउंडर.
कुठल्याही डॉक्टरचं अक्षर त्यांनी वाचलं होतं,
हे तर छापील.
त्यांनी कोरा कागद मागितला.
एकाखाली एक सह्या केल्या, नऊ की दहा,
सावकाश, जीभ दातांत धरून.
कागद लांब धरून बघितला
आणि म्हणाले, डॉक्टर, हा पेशंट
माझ्या वळखीचा न्हाई.

निटुरे काही बोलणार होते. बोलले नाहीत.
खय्यूमभाई उठून बाहेर गेले, विनाकारण, मोटारसायकल बघायला.

त्रिवेणीबाई, तुमी करा सही.
ती म्हणाली, मला इंग्रजी येत नाही अप्पा.
चेक मराठीतबी वटतंय. मागच्या साली इचारून ठेवलंय मी.

मागच्या साली.
म्हणजे आम्ही जे त्यांच्यापासून लपवत होतो
ते त्यांनी आमच्यापासून
वर्षभर लपवलं होतं.

लातूरला धर्मादाय कार्यालयात द्यायचा फेरफाराचा अर्ज
तीन दिवस माझ्या टेबलावर पडून होता.
बदलाचं कारण: मृत्यू, राजीनामा, मुदत संपली.
जे लागू नाही ते खोडा.
मी तिन्ही खोडले, मग नवा अर्ज आणला.
राजीनामा ठेवला. तो शब्दही नीट जुळत नाही.

त्रिवेणीची सही मोठी आहे, चौकटीबाहेर जाते.
पट्ट्या आल्या. खय्यूमभाईंनी फ्रिज आणला, जुना, पण चालतो.

रविवारी अप्पा सगळ्यांच्या आधी येऊन
पायरीवर बसतात, किल्ली माझ्याकडं असते.
शटर वर गेलं की विचारतात,
बाई, त्या फ्रिजचं काय झालं?
मी म्हणते, तुम्हीच बघा.
ते दार उघडतात,
आतल्या पिवळ्या दिव्याखाली हात धरतात थोडा वेळ,
म्हणतात, गार हाय.