मूळ माप

अ‍ॅक्रनच्या उत्तरेला, टायरचा कारखाना होता त्या रस्त्यावर
माझं गॅरेज आहे. गाडी बाहेर बर्फात उभी असते,
आत लेथ राहतो.
तो माझ्याहून चार वर्षांनी थोरला,
म्हणून ऊब आधी त्याला.

लोक मला मोडके तुकडे पाठवतात.
काडेपेटीत, औषधाच्या बाटलीत,
एकदा तर तान्ह्या मुलाच्या मोज्यात.
रंगाच्या गोळ्या उडवणाऱ्या जुन्या बंदुकांचे तुकडे.
त्यांच्या कंपन्या बुडाल्या, विकल्या गेल्या,
आणि ड्रॉइंगं एका शुक्रवारी कुणीतरी
कचऱ्यात टाकून घरी जेवायला गेलं.

जुनं ते सोनं म्हणतात.
मी उघडून पाहिलंय,
जुनं ते बहुतेक वेळा जस्ताचं ओतकाम,
आतून शिळ्या पावासारखं भोकाभोकांचं.

मी मापं घेतो. खरी गोम इथेच.
झिजलेला तुकडा फक्त झिजेचं माप सांगतो.
तसाच उतरवला
तर नवा खटका जन्मतःच म्हातारा.
म्हणून मागे मागे जावं लागतं,
कुठली कड घासली, तेल कुठे पोचलं नाही,
बोट चापावर कुठे टेकायचं,
आणि मग अंदाजानं
त्याचं लहानपण त्याला परत द्यायचं.

फेब्रुवारीत मिशिगनच्या वरच्या टोकाहून पाकीट आलं.
पाठवणारी करीन ताल्विती.
खटका, दोन तुकडे, कापसात.
सोबत तीन ओळी:
हा मोडला. बाकी सगळं चालतं.
बंदूक माझ्या भावाची, वेसची, होती.

मी चांगलं पोलाद घेतलं. कारखान्यानं घेतलं नसेल असं.
गवताच्या रंगावर येईपर्यंत पाणी उतरवलं,
कडा आरशासारख्या केल्या,
आणि पाठवून दिला.
(खोटं कशाला बोलू, जरा मिरवलोही स्वतःशी.)

दोन आठवड्यांनी परत.
छान आहे, तिनं लिहिलं होतं. फारच छान आहे.
पण चाप आता जड लागतो,
आवाज किंचित उशिरा येतो.
वेसची बंदूक घाई करायची.

तेव्हा कुठे मी मोडका तुकडा भिंगाखाली धरला.
ओरखडे सगळे तिरके, एकाच दिशेनं.
झीज अशी नसते. झीज चारही बाजूंनी, बिनबोभाट येते.
ही कानस होती.
कुणीतरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून
हलक्या खटक्यासाठी घासलेली,
अकरा वेळा, शेवटचा हात निसटलेला.
आणि मी तेवढंच नेमकं
झीज समजून दुरुस्त केलं होतं.

कडक पोलादावर कानस नुसती घसरते.
खटका पुन्हा तापवला, रात्रभर राखेत ठेवला, मऊ केला.
सकाळी घासायला बसलो
तर वाकडं घासता येईना.
चाळीस वर्षं सरळ घासलेला हात,
त्याला तिरकं म्हटलं की तो लाजतो.
तीन नवे खटके वाया गेले.
शेवटी कानस डाव्या हातात घेतली
आणि मोजत गेलो.
अकरावा आपोआप निसटला.

बिल एकाच खटक्याचं लावलं.
वहीत मात्र दोन मापं लिहिली,
एक कारखान्याचं, एक वेसचं.
दोघांत फरक केसभर,
तोही बाळाच्या जावळातल्या केसाएवढा.

एप्रिलमध्ये फोटो आला. चिठ्ठी नव्हती.
मुळात ही बंदुकांची जात
जंगलात तोडायच्या झाडांवर खूण करायला जन्मली,
खेळ नंतर सुचला माणसांना.
फोटोत बर्चचं झाड, खाली अजून बर्फ,
आणि खोडावर छातीच्या उंचीला
पिवळा डाग,
मधोमध नाही, थोडा डावीकडे.

मी वही काढली, वेसच्या मापापुढे
बरोबरची खूण केली,
आणि लेथ पुसायला घेतला.