टांगणीला

त्सिरा विचारते, आधी कुठलं वाचू?
दप्तर दोन्ही पायांत धरलेलं, नाक काचेला टेकलेलं,
खाली क्विरिला नदी, मँगनीजनं काळी.
रोपवेच्या डब्यात आम्ही दोघीच,
आणि टोपलीत पाव्लेआजोबांची कोंबडी,
जी एकटीच वर जाते आहे, त्यांच्या मुलीकडे.

यादी नको मागूस, मी म्हणते.
यादी वाण्याची असते.
बाकाखाली हात घाल,
ग्रीसच्या डब्यामागं.

ते निळं, पाठ सुटलेलं:
त्यात नद्यांना पगार द्यावा लागतो
आणि एका वर्षी खजिनदार विसरतो.
ते वाचलं त्या आठवड्यात मी गणितात नापास झाले
आणि मला काही म्हणजे काही वाटलं नाही,
कारण समुद्र तीन दिवस उपाशी होता.

हे बारकं. यात दारं झाडाला लागतात.
पिकली की तोडायची.
हिरवं दार तोडलं, तर ते कालच्याच खोलीत उघडतं.
पंपावरच्या झुझुनानं दिलं होतं,
परत दे हं, म्हणून.
ती बातुमीला गेली, लग्न केलं, वारली.
मी अजून परत देणार आहे.

आणि हा ड्रॅगन.
रोज रात्री गाव मोजतो, एक माणूस कमी भरतो.
याला शेवट नाही.

ब्याण्णवचा हिवाळा. वीज नाही, गॅस नाही,
हे डबे तारेवर थिजलेले,
वाळत घालून विसरलेल्या बुटांसारखे.
गोचाला ताप. पाणी तापवायचं होतं.
आईनं आधी वडिलांकडची पुढाऱ्यांची भाषणं जाळली,
मग शब्दकोशाचा दुसरा खंड
(म्हणून मला अजूनही काही शब्द येत नाहीत),
मग माझ्याकडे बघितलं.
मी मागून फाडत गेले, न वाचता.
तेवीस पानं. एक किटली.

त्या रात्री गोचा म्हणाला, मग पुढं?
मी म्हटलं, तो कमी भरणारा माणूस
आपल्या घरात आहे, गोधडीखाली,
त्याला ताप आहे, म्हणून तो मोजणीला उठत नाही.
दुसऱ्या रात्री वेगळं सांगितलं.
बर्फ वितळेपर्यंत त्या पुस्तकाला एकोणचाळीस शेवट झाले.
गोचा आता इटलीत फरश्या बसवतो.
कधी रात्री फोन करतो:
चमच्याचा शेवट कुठला गं, तो नीट सांग.

मागच्या वर्षी कुताइसीच्या बाजारात
नळ आणि कुलुपांच्या ढिगात अख्खी प्रत दिसली.
उभ्या उभ्या वाचली.
ड्रॅगन मरतो. भाल्यानं.
गावकरी टाळ्या वाजवतात.
तेवीस पानं टाळ्या!
किटली माझ्यापेक्षा चांगली वाचक निघाली.
प्रत होती तिथं ठेवली, एक कुलूप घेतलं.

त्सिरानं फाटकाच ड्रॅगन नेला.
नवव्या दिवशी परत.
मधे जरा रटाळ आहे, म्हणाली.
मी काही बोलले नाही.
खटका गरजेपेक्षा जोरात ओढला.

मग तिनं दप्तरातून काढलं एक पुस्तक,
विटेएवढं, आठांतला पहिला भाग.
पहिले तीन कंटाळवाणे आहेत, म्हणाली,
तग धरा. चौथ्यात कळतं.
माझं वय बघून बोलावं की नाही?

काल वीज गेली, बरोबर मध्यावर.
नऊ माणसं, पिठाचं एक पोतं.
कुणी नगरपालिकेचा उद्धार केला,
एक बाई क्रॉस करत राहिली.
जीव टांगणीला लागले होते,
प्रत्येकाचा वेगळ्या कारणानं.
मी कपाळावरचा दिवा लावला. पान दोनशे एक्केचाळीस.
कधी येणार वीज, मावशी?
सांगते, म्हटलं,
एवढं प्रकरण होऊ दे.