रक्ताला विचारलं

फॉर्मवर सतरावा प्रश्न होता:
कांजिण्या झाल्या होत्या का? हो, नाही, माहीत नाही.
मी न थांबता 'हो'वर खूण केली.
भुवईवर खड्डा आहे, तो काय उगीच?
शिवाय मला सगळं आठवतं.
करमाळ्याच्या घरातली मधली खोली,
चादरीवर पसरलेला कडुलिंबाचा पाला,
बिनमिठाचा भात,
आणि 'खाजवलंस तर बघ' हा आईचा आवाज.

हलच्या हॉस्पिटलात, मुलांच्या वॉर्डात
मदतनिसाची नोकरी लागत होती.
ग्वेन नावाची नर्स हातमोजे चढवत म्हणाली,
आठवण पुरत नाही, लव्ह, रक्ताला विचारू.

आठवड्यानं रक्ताचं उत्तर आलं.
प्रतिपिंडं नाहीत.
चाळिशी ओलांडली तरी पाटी कोरी.

आईला फोन केला. तिकडे रात्रीचे दहा,
ती उद्याच्या गोळ्या डबीत भरत होती.
'झाल्या होत्या की तुला. का विश्रामला?
थांब. म्हैस विकली त्या साली.
नाही गं, तू नुसती त्याच्या दाराशी सारखी.
एकदा धडकच मारलीस, मी दार ओढलं,
कडी लागली कपाळाला. मग धाडलं तुला
कुर्डुवाडीला, मावशीकडे.
केवढं रक्त आलं होतं! ते नाही आठवत?'

ते आठवत नव्हतं.
आठवत होता तो पाला,
जो मी उंबऱ्याच्या बाहेरून पाहिला
आणि पस्तीस वर्षं त्यावर झोपत आले.

विश्रामला गेल्या दिवाळीत नागीण झाली.
बरगडीवरून पाठीकडे,
कमरपट्टा अर्धाच बांधल्यासारखी.
डॉक्टर म्हणाले, हे जुनंच बिऱ्हाड.
तेव्हाच्या कांजिण्या मज्जातंतूच्या मुळाशी
मुटकुळं करून पडून होत्या.
तो लिहितो, शर्ट नुसता टेकला तरी आग होते,
आणि खाली एक हसरा चेहरा.
मला वाटलं, त्याच्याकडे घरातलं काहीतरी राहिलं,
माझ्या वाटणीला आलंच नाही.
असं वाटू नये. वाटलं.

ग्वेननं दंड पुसला. पहिली टोचणी.
'जिवंतच असतो तो, पण दमवलेला,' ती म्हणाली,
शेजारच्या म्हाताऱ्या कुत्र्याची ओळख करून द्यावी तशी.
सहा आठवड्यांनी दुसरी. दोन्ही फुकट, नोकरीच्या खाती.

निहारसाठी औषधाच्या दुकानात विचारलं:
दोन टोचण्यांचे दीडशे पौंड.
गॅसचं बिल येऊन पडलं होतं.
पुढच्या महिन्यात बघू, म्हणालो.
पुढच्या महिन्यातही तेच म्हणालो.
समोरची डेनीस म्हणाली, पैसे कशाला,
आमच्या जॅकच्या अंगावर आल्यात, पाठव खेळायला.
पाठवला नाही.
तरी मार्चमध्ये शाळेतून त्या आल्याच,
आधी पोटावर एक, मग कानामागे,
मग सकाळी उठून पाहते तर सगळीकडे.

हलमध्ये कडुलिंब नाही.
हंबर नदीवरून येणारा वारा आहे,
आणि बाटलीत गुलाबी कॅलामाइन,
ज्याला भिंत रंगवल्यासारखा वास येतो.
आईला व्हिडिओवर त्याची पाठ दाखवली.
ती दचकून म्हणाली, अगं तू लांब हो, तुला नाही झालेल्या.
म्हटलं, टोचून घेतलंय. दोन्ही.
हे म्हणताना मी दारातच उभी होते,
का कोण जाणे, चौकटीला धरून.

मग आत गेले.
त्याच्या पाठीवरचे फोड मोजायला बसले.
एकही सोडायचा नाही, अशी त्याची ताकीद.
एक्काहत्तरपर्यंत पोचले आणि तो कुशीवर वळला.
पुन्हा एकपासून.