दुर्बीण, चाळीस लारी

त्बिलिसीत, कोरड्या पुलापाशी
शनिवारी जुनं सगळं चादरींवर येऊन बसतं :
बिल्ले, समोवार, कुणाच्या तरी लग्नातले काटेचमचे.
त्सियालाबाई शेवटून तिसऱ्या.
बत्तीस वर्षं नाट्यगृहात
रंगमंचाखालच्या खोक्यातून
विसरणाऱ्यांना शब्द पुरवायच्या.
आता बशा विकतात.

एक पोरगा दुर्बीण उचलतो, शिंपल्याच्या मुठीची.
आज रात्रीची तिकिटं आहेत म्हणतो,
पार वरच्या सज्ज्यातली. दोन.
दोन म्हणताना कान लाल.
"कितीला?"
"चाळीस लारी."
खिशातून पंचवीस निघतात
नि बसचं कार्ड.

घासाघीस अशी होतच नाही.
बाई रुमालाने भिंग पुसतात.
"उजवा डोळा अधू आहे हिचा,
डाव्याने बघ.
आणि दुसऱ्या अंकात राजा थांबेल,
खाली बघेल बराच वेळ,
लोक म्हणतील, काय अभिनय!
अरे, वाक्य विसरतो तो."

उन्हं कलल्यावर चादर गुंडाळताना
शेजारचा नकाशेवाला वाझिको विचारतो,
"खपलं का काही?"

बाईंचं लक्ष नाही.
सात वाजून गेलेत,
पडदा वर गेला असणार,
आणि त्यांचे ओठ
हलताहेत,
राजाच्या अर्धा श्वास आधी.